दोन विद्यापीठांमधलं दार

९ जानेवारी

लेका,

पोचल्याचं बाबांना कळवलंस, मला नाही. असू दे. पोचलास हे ऐकून जीव भांड्यात पडला, एवढं मात्र कबूल करते.

इकडे थंडी आहे. ऑफिसात तुझ्या टेबलावरचा दिवा कोणीतरी चालूच ठेवला होता, तो मी बंद केला. दोन पोरं नोकरी सोडून गेली. उरलेली माझ्यासमोर हळू बोलतात, जणू घरात कोणी आजारी आहे.

भाऊ काल इस्पितळातून घरी गेले. भेटायला गेले होते. मांडीत सळई घातली आहे. मला बघून म्हणाले, "बाई, तांत्रिक विद्यापीठाचा ग्रंथपाल अखेर खराखुरा तांत्रिक झाला बघा. आत लोखंड आहे आता." मी हसले. ते हसले नाहीत. थोड्या वेळानं तोंड भिंतीकडे करून म्हणाले, "मापाची फीत माझ्या हातात होती हो. दुसरं टोक तिच्या हातात होतं." मग त्यांच्या सुनेनं मला खुणेनं बाहेर बोलावलं.

भेटेल तो मला विचारतो, नेमकं झालं काय? माझं एक वाक्य आता पाठ झालं आहे. जुन्या टाकसाळीत तोलघर आणि भट्टीघर यांच्यामधल्या भिंतीत आम्ही दार पाडत होतो, सकाळी टेकू काढले, दुपारी दारावरची भिंत खाली आली, आणि कपाटांसाठी मापं घ्यायला आलेल्या दोन ग्रंथपालांपैकी एक जागच्या जागी गेल्या. एवढं बोलून मी थांबते. "टेकू कोणी काढायला सांगितले?" हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. विचारतील.

तू कामासाठी गेला आहेस असं मी सगळ्यांना सांगते. काम कधी संपेल ते कळव.

आई


१७ जानेवारी

लेका,

आज मावशींच्या घरी गेले होते, त्या गेल्यापासून पहिल्यांदाच. आपण सगळे त्यांना मावशी म्हणायचो, पण त्यांना सख्खं कोणी भाचरू नव्हतंच. एक सख्खा भाऊ तेवढा आहे, थकलेला. त्यानं दार उघडलं आणि मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, काम सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, तुम्ही त्या दारवाल्या." बसा म्हणाला नाही. मी उभीच राहिले, आणि मग निघाले.

दारवाल्या. बरोबरच आहे त्यांचं. दार माझंच होतं.

तुला आठवतं का, हे काम आपल्याकडे आलं तेव्हा तू नुकताच शिकून परतला होतास? दोन विद्यापीठांना मिळून एक आवार हवं होतं, आणि जागा मिळाली ती ही बंद पडलेली टाकसाळ. भट्टीघर, तोलघर, पहारेकऱ्यांच्या खोल्यांची रांग, मध्ये फरसबंदी अंगण. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा तू म्हणालास, "आई, ही इमारत माणसांवर संशय घ्यायला बांधली आहे." खरंच होतं. एकच फाटक, उंचावर खिडक्या, हात लांब केला तरी पलीकडे पोचणार नाही एवढ्या जाड भिंती. मी म्हटलं होतं, "मग तिला विश्वास ठेवायला शिकवू." किती सुचायचं मला तेव्हा!

आणि त्या बैठका! जुनं विद्यापीठ म्हणायचं, आमचं नाव फाटकावर वर हवं. तांत्रिक म्हणायचं, मग आम्हाला फाटकच वेगळं द्या. वेगळं फाटक, वेगळं उपाहारगृह, वेगळा जिना. एका ताटात जेवा म्हटलं तर हे आधी ताट मधोमध कापायला निघतील, असं तू माझ्या कानात म्हणाला होतास आणि मला भर बैठकीत हसू फुटलं होतं. सगळं देत देत शेवटी मी एकाच गोष्टीवर अडून बसले. वाचनालय एकच. जुन्याची पुस्तकं तोलघरात, तांत्रिकची भट्टीघरात, आणि मधल्या भिंतीत दार, दोघंजण सहज शेजारून जातील एवढं रुंद. झाडापानांचं शिकणारा मुलगा आणि पूल बांधायला शिकणारा मुलगा, रोज एकदा तरी एकमेकांच्या अंगावरून जावेत. बाकी सगळं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. एवढं राहिलं होतं.

त्या आवारात खऱ्या अर्थानं एकत्र नांदली ती दोनच माणसं, जुन्याच्या ग्रंथपाल मावशी आणि तांत्रिकचे भाऊ. आधी त्यांची पुस्तकं लावायच्या पद्धतीवरून केवढी जुंपली होती. मावशी म्हणाल्या होत्या, "यांच्या पद्धतीनं लावलं तर ज्ञानेंद्रियांवरचं पुस्तक पंप आणि पाइपांशेजारी जाईल." भाऊ म्हणाले, "जाऊ दे की, नाक म्हणजे तरी दुसरं काय?" त्या दिवसापासून पहारेकऱ्याच्या एका खोलीत दोघांचं एक टेबल झालं. कुलगुरू एकमेकांची पत्रं परत पाठवत होते तेव्हा ही दोघं एका किटलीतला चहा पीत होती.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिलं. खरं लिहायचं आहे ते हातून उतरत नाही म्हणून.

आपल्या मुकादमाला काल पोलिसांनी नेलं. सोडवायला गेले तर म्हणाले, परस्पर टेकू काढले त्यानं. मी म्हटलं, परस्पर? कोण म्हणतं? ते म्हणाले, कागदोपत्री आलं आहे.

कुठून आलं ते त्यांनी सांगितलं नाही. तू एक फोन कर त्यांना. दोन मिनिटांचं काम आहे.

आई


२ फेब्रुवारी

तुझं निवेदन वाचलं.

तुझे वकील स्वतः घेऊन आले होते. माणूस सभ्य आहे, बूट बाहेर काढून आत आला. त्यांना वाटलं मी ते आधीच वाचलं असेल. "मी टेकू काढण्याची कोणतीही सूचना दिली नव्हती. मुकादमाने समारंभाच्या घाईत स्वतःच्या जबाबदारीवर हे काम केले." भाषा फार नेटकी आहे. लहानपणी तुझे निबंध मी तपासायचे, तेव्हा इतकं नेटकं कधी लिहिलं नाहीस.

मी दोनदा वाचलं. मग वकिलांना चहा विचारला. माझं मलाच नवल वाटलं, की असं काही वाचून माणूस चहा विचारू शकतो.

लेका, भिंत पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण तिघं जेवायला बसलो होतो. तू म्हणालास, "उद्घाटनाला दोन्ही कुलगुरू यायचे आहेत, भट्टीघरात मांडव घालायचा आहे, उद्या टेकू काढून टाकतो." मी म्हटलं, "अरे, चुना अजून ओला आहे. आठवडाभर थांब ना." तू म्हणालास, "वर लोखंडी तुळई आहे आई, चुन्याचं काय घेऊन बसलीस?" मी म्हटलं, "तुळईवर भिंत बसायला तर हवी." तू हसलास. बाबांनी तुला आणखी भात वाढला.

मग तू ताटावरूनच फोन लावलास, सगळ्यांना ऐकू येईल असा. मुकादम म्हणाला, "साहेब, उद्या? थोडं लवकर होत नाही का?" मी पुन्हा म्हटलं, "बघ, तोही म्हणतोय." त्यानं माझा आवाज ऐकला असणार, कारण तो म्हणाला, "बाईंचं काय म्हणणं आहे?" तू फोन उचलून गॅलरीत गेलास. जाता जाता बोललेलं मी ऐकलं. "बाईंचं मी बघतो. वजनाचा हिशेब माझा आहे. सकाळी काढ."

परत येऊन तू ताकाचा पेला तोंडाला लावलास आणि आपण दुसऱ्याच कशावर तरी बोललो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी आजवर नुसतं म्हणत आले. मी तुला चोर म्हणत नाही. चूक कोणाच्याही हातून होते. हिशेब चुकतो, अंदाज चुकतो, तरुणपणी घाई होते. त्याबद्दल मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते, लोकांनी तोंडावर शेण फेकलं असतं तरी. पण जो माणूस लहानपणी तुला खांद्यावर बसवून इमारतींच्या पायाचे खड्डे दाखवायचा, त्याच्या गळ्यात हे बांधून तू विमानात बसलास?

ये. स्वतः ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. शिक्षा होईल ती होईल. मी आहे.

आई


२० फेब्रुवारी

लेका,

तू उत्तर दिलं नाहीस. बाबांना मात्र निरोप आला, "आईला म्हणावं शांत राहा." मी शांतच आहे. इतकी शांत की बाबांना भीती वाटायला लागली आहे.

मागच्या पत्रांत एक लपवलं होतं. चौकशी समितीचं बोलावणं मला जानेवारीतच आलं आहे. एक निवृत्त न्यायाधीश आहेत, सोबत दोन्ही विद्यापीठांचा एकेक माणूस. मला वाटत होतं त्याआधी तू येशील, म्हणून बोलले नाही.

परवा मुकादमाची बायको ऑफिसात आली. खुर्ची दिली तर टोकावर बसली. मी मनाची तयारी केली होती, रडेल, पाया पडेल, शिव्या देईल. तिनं तसलं काही केलं नाही. म्हणाली, "बाई, एवढंच विचारायला आले. हे म्हणतात, साहेबांनी फोन केला तेव्हा तुम्ही तिथं होता. होता का?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"नसलात तर नव्हते म्हणा. म्हणजे मी यांना सांगेन, आशा सोडा म्हणून. माणूस दिवसभर दाराकडे बघत बसतो हो. कोणी भेटायला आलं की उठून उभा राहतो."

मी म्हटलं, "होते."

ती उठली. एवढंच हवं होतं तिला. दाराशी जाऊन वळली आणि म्हणाली, "साहेब बरे आहेत ना तिकडे?" टोमणा नव्हता रे तो. खरंच विचारलं तिनं.

रात्रीच्या जेवणाला मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"तू काय सांगणार आहेस तिथं?"

"विचारतील ते."

"आठवत नाही म्हण. वयानं विसरायला होतं. कोणी तुला दोष देणार नाही."

"मला सगळं आठवतंय."

"एकुलता एक आहे तो. मुकादमाला आपण चांगला वकील देऊ. त्याच्या घरचं बघू. हवं तर हे घर विकू. पण पोटच्या पोराविरुद्ध आई बोलली, हे जगात कुठं ऐकलंयस?"

"तुम्हीही होतात तिथं," मी म्हटलं. "तुम्ही त्याला भात वाढत होतात."

ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." आणि उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

त्यांच्यावर रागावू नकोस असं तुला लिहिणार होते. मग लक्षात आलं, तू कशाला रागावशील? रागावायचं मलाच आहे, आणि मला तेही जमत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला मी खोटं बोलताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही तुझ्यासाठी. आतून तुटल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी वाटलं, बाप असावा तर असा. मलाही असं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

समितीचा दिवस सहा मार्च. अजून वेळ आहे. आलास तर स्टेशनवर मी येईन, विमानतळावर येईन, म्हणशील तिथं येईन.

आई


७ मार्च

लेका,

इतर कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. काल मी सांगितलं.

बैठकीची खोली जुन्या विद्यापीठात होती. तिथंच आपण पहिला नकाशा दाखवला होता. न्यायाधीशांनी पाणी विचारलं. मग सरळच म्हणाले, "टेकू काढायची सूचना कोणी दिली, तुम्हाला माहीत आहे का?"

जाताना गाडीत मी ठरवलं होतं की थोडक्यात सांगायचं. तोंड उघडलं. तू लहान असताना तापात बडबडायचास, ते आठवत होतं. समोर तांत्रिक विद्यापीठाचा माणूस पेन घेऊन तयार बसला होता.

मी म्हटलं, "माझ्या मुलानं."

मग सगळं सांगितलं. चुन्याचं, तुळईचं, मुकादमानं विचारलेल्या प्रश्नाचं, गॅलरीचं. तुझी चूक मोठी करून सांगितली नाही आणि लहानही केली नाही. तू हुशार अभियंता आहेस असंही सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "चुना ओला आहे हे तुम्हाला कळत होतं. मग सकाळी जाऊन काम का थांबवलं नाहीत?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात वजनाचं तो बघतो आणि रेषेचं मी. त्याचा शब्द शेवटचा असतो. तो माझा अभियंता होता आणि माझा मुलगाही होता. यातल्या कुठल्या नात्यानं मी गप्प बसले, ते मला अजून कळलेलं नाही."

त्यांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, "तुम्ही जाऊ शकता."

बाहेर व्हरांड्यात भाऊ बसले होते, काठी घेऊन. त्यांची पाळी माझ्यानंतर होती. दार पातळ, सगळं ऐकू गेलं असणार. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते काठीवर भार देऊन उठले, मला नमस्कार केला आणि आत गेले. मला तो नमस्कार नको होता. कोणी नमस्कार करावा असं मी काय केलं? एका माणसाला बाहेर काढायला दुसऱ्याला आत ढकललं, आणि दुसरा माझा होता.

घरी आले तर बाबा पुढच्या खोलीत बसून होते. मी चप्पल काढेपर्यंत थांबले. "सांगितलंस?" मी मान हलवली. त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

वाटलं होतं, खरं बोललं की मोकळं वाटेल. लोक सांगतात तसं. नाही वाटत. काल तू गेल्यासारखं वाटतंय.

आई


११ मे

लेका,

तुझा निरोप मिळाला. बाबांच्या फोनवर होता, त्यांनी फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. "मला आई नाही असं समजतो." ठीक आहे. समजणं तुझ्या हातात आहे.

इकडे काय झालं ते सांगून ठेवते.

मुकादम सुटला. मी त्याच्या घरी गेले. खूप वाळला आहे. त्यानं मला आत घेतलं, बायकोनं पाणी दिलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही खरं बोललात, मी विसरणार नाही. पण आता माझ्याकडे काम घेऊन येऊ नका. भिंत बघितली की मागं फिरतो." मग मी पेला रिकामा करून खाली ठेवला. इतक्या इमारती उभ्या केल्या होत्या आम्ही मिळून. निघताना त्यानं तुझ्याबद्दल विचारलं नाही. बायकोनंही विचारलं नाही या वेळी.

समितीनं ठपका ठेवला तो तुझ्यावर आणि आपल्या ऑफिसवर. घाई कोणी केली, समारंभाची तारीख कोणी लादली, त्यावर अवाक्षर नाही. इतकी वर्षं कशावरही एकमत न झालेल्या दोन विद्यापीठांचं एवढ्यावर मात्र एकमत झालं. आणि आणखी एका गोष्टीवर. आवार वाटून घ्यायचं. अंगणाच्या मधोमध कुंपण घातलं आहे, फरशी फोडून. जुन्याला तोलघर, तांत्रिकला भट्टीघर. वाचनालयं दोन. पहारेकऱ्यांच्या खोल्यांची रांगही वाटली. दोघांचं टेबल होतं ती खोली कोणाच्या वाट्याला यावी यावर भांडण झालं, म्हणून पाडून टाकली.

दार बुजवायचं ठरलं तेव्हा मला बोलावलं. जुन्या भिंतीला जुळेल असं बुजवायला जुना नकाशा लागतो, आणि तो माझ्याकडेच. भाऊ म्हणाले, "नाही म्हणा बाई. दुसरं कोणी करू दे." पण दुसरं कोणी केलं असतं तर भिंत तरी धड उभी राहिली असती की नाही, देव जाणे. बुजवायचा नकाशा मीच काढला. दोन दिवस बसले. चुना पुरता सुकेपर्यंत आधार काढू दिला नाही. रोज जाऊन हात लावून बघायचे. आता तिथं कधी दार होतं हे सांगूनही खरं वाटणार नाही. इतकं चांगलं काम माझ्या हातून फार दिवसांत झालं नव्हतं.

ऑफिस बंद केलं. पाटी काढली.

आता शेवटचं. बाबा तुझ्याकडे यायला निघाले आहेत. कायमचे, असं ते म्हणत नाहीत, पण सगळे स्वेटर घेतले आहेत. परवा सकाळी मला म्हणाले, "मी त्याच्याकडे जातो." इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "जा. त्याला कोणीतरी हवं." ते म्हणाले, "तुला?"   मी त्यांचे सदरे इस्त्री करून दिले, त्यांनी बॅगेत भरले. एकमेकांची अडगळ होऊ नये म्हणून दोघं किती सांभाळून वावरत होतो.

हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. पाकीट बंद केलेलं नाही. वाटलं तर तेही वाचतील.

त्यांची रक्तदाबाची गोळी सकाळी, खाल्ल्यानंतर. घेतली म्हणतात आणि घेत नाहीत, तेव्हा समोर उभं राहून द्यायची. उजवा गुडघा दुखतो, पण तुझ्यापुढे मुद्दाम भरभर चालतील, तू सावकाश चाल. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, जेवताना उजवीकडे बस. अंधारात एकटं झोपत नाहीत, हे मात्र कोणाला सांगू नकोस.

आई